एडविन बिअर्ड बडिंग

एडविन बिअर्ड बडिंग (इ.स. १७९६ – सप्टेंबर, इ.स. १८४६) हे इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील यंत्रकार व संशोधक होते. हिरवळ कापण्याचे, माणसाने मागून चालत ढकलावयाचे यंत्र त्यांनी इ.स. १८३० मध्ये तयार केले. आज जगभर ‘लॉन मोअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनाचा हा पहिला अवतार होय. कापड गिरण्यांतील यंत्रे, जनावरांचा चारा कापण्याचे यंत्र, अनेक नळ्यांचे पिस्तूल आणि स्क्रूने जबडा सरकणारा पाना अशा विविध वस्तूंशीही त्यांचे नाव जोडले जाते. तथापि त्यांची कीर्ती मुख्यतः गवताच्या यंत्रावरच उभी आहे.

पूर्वायुष्य

बडिंग यांचा जन्म स्ट्राउड गावाजवळील ईस्टिंग्टन येथे झाला. ते आरंभी सुतारकाम करीत. पुढे लोखंडाच्या ओतकामाकडे व यंत्रांच्या दुरुस्तीकडे वळले. कोणत्याही एका कारखान्याचे कायमचे नोकर न राहता गिरण्यांना लागणारी यंत्रे बनवून देणे, बिघडलेली सुधारणे व त्यांत नव्या युक्त्या बसविणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्या काळात अशा कारागिरांना विद्यापीठीय शिक्षण नसे. त्यांची विद्या हाताची होती, व ती एका कार्यशाळेतून दुसऱ्या कार्यशाळेत फिरत असे.

स्ट्राउडच्या आसपासच्या दऱ्या त्या वेळी लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होत्या. फ्रूम नदी व तिला मिळणारे ओढे यांच्या पाण्यावर गिरण्यांची चाके फिरत. येथील लाल रंगाच्या कापडाला सैनिकी गणवेशांसाठी मोठी मागणी होती. बडिंग यांची घडण या गिरण्यांत झाली, आणि त्यांच्या शोधाचे मूळही तेथेच सापडते.

कापडाची लव आणि जमिनीचे गवत

लोकरी कापड विणून व मळून झाल्यावर त्यावरील लव काटेरी बोंडांनी वर ओढून घेतली जाई आणि मग ती सारखी कापून पृष्ठभाग गुळगुळीत केला जाई. हे काम पूर्वी मोठ्या जड कात्र्यांनी हाताने होत असे. त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागे व त्यात निष्णात असलेल्या कारागिरांना मानाचे स्थान होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे काम यंत्राने होऊ लागले. स्ट्राउडजवळील ब्रिम्सकोंब येथील जॉन लुईस यांनी बनविलेल्या यंत्रात एका दंडगोलावर मळसूत्री वळणाची पाती बसविलेली असत. दंडगोल फिरू लागला की ही पाती एका स्थिर सरळ पात्याला घासून जात आणि दोहोंच्या मध्ये आलेली लव कात्रीत सापडल्याप्रमाणे कापली जाई. पाते वळणदार असल्याने काप एकाच क्षणी संपूर्ण रुंदीवर न होता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाई. त्यामुळे कापडाला हिसका बसत नसे.

बडिंग यांचा अशा यंत्रांशी नित्य संबंध होता. कापडावरील लव ज्या रीतीने कापली जाते त्याच रीतीने जमिनीवरील गवत का कापता येऊ नये, हा प्रश्न त्यांना पडला. उत्तर वाटते तितके सोपे नव्हते. गिरणीत यंत्र जागेवर उभे असते, कापड त्याखालून सरकते आणि शक्ती पाणचक्कीची मिळते. बागेत जमीन स्थिर असते, म्हणून यंत्रालाच चालावे लागते. शिवाय दंडगोल फिरविण्यासाठी लागणारी सर्व शक्ती ते ढकलणाऱ्या माणसाच्या अंगातून यावयाची असते.

तत्पूर्वी हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापली जाई. विळा चालविणारे मजूर पहाटे, दव असतानाच कामाला लागत. कारण ओले, ताठ गवतच पात्याला नीट लागते व सुकलेले वाकून निसटते. मागून स्त्रिया व मुले कापलेले गवत झाडून गोळा करीत. एवढे करूनही जमिनीवर विळ्याच्या फेऱ्यांचे अर्धवर्तुळाकार व्रण दिसत राहत. स्वाभाविकच सपाट, आखूड हिरवळ ही मजुरांचा ताफा पोसू शकणाऱ्या जमीनदारांची मिरासदारी होती. इतरांची कुरणे मेंढ्या चरून आखूड राखीत.

यंत्राची रचना

बडिंग यांचे पहिले यंत्र १९ इंच (सुमारे ४८ सेंटीमीटर) रुंदीचे होते. घडीव लोखंडाच्या चौकटीत मागे एक जड रूळ होता. माणूस दांडा धरून यंत्र ढकलू लागला की हा रूळ फिरे, आणि त्याची गती ओतीव लोखंडाच्या दातेरी चाकांमधून वाढत जाऊन पुढील पात्यांच्या दंडगोलास मिळे. रूळ सावकाश फिरत असला तरी पाती त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरत. दंडगोलाखाली स्थिर पाते होते. मधल्या लहान रुळाची उंची कमीअधिक करून गवत किती आखूड कापावयाचे ते ठरविता येई. कापलेले गवत पुढे उडून सुपासारख्या पेटीत पडे, म्हणजे झाडणाऱ्यांचेही काम वाचे. यंत्र जड असल्याने लवकरच पुढील बाजूस आणखी एक दांडा जोडण्यात आला. एकाने ढकलावे व दुसऱ्याने ओढावे अशी ही व्यवस्था होती.

लोखंडाचे वजन, दातेरी चाकांचा खडखडाट आणि दोन माणसांचे श्रम लक्षात घेता हे यंत्र आजच्या मापाने ओबडधोबड होते यात शंका नाही. परंतु मागचा रूळ, दातेरी चाके, मळसूत्री पाती, स्थिर पाते, उंचीची जुळणी आणि गवताची पेटी हे सर्व घटक पहिल्याच प्रयत्नात योग्य जागी आले होते. क्रिकेटच्या खेळपट्टीवर किंवा गोल्फच्या मैदानावर आजही ज्या दंडगोली यंत्राने गवत कापले जाते, त्याची मांडणी मूलतः हीच आहे.

बडिंग आपले यंत्र रात्रीच्या अंधारात चालवून पाहत, कारण दिवसा कोणी पाहिले तर लोक वेड्यात काढतील अशी त्यांना भीती होती, अशी आख्यायिका स्ट्राउड परिसरात सांगितली जाते. यामागे लोकांच्या हसण्याचे कारण असेल, किंवा पेटंट मिळण्यापूर्वी कल्पना फुटू नये हा हेतूही असू शकेल. दुसरे कारण अधिक व्यवहार्य वाटते.

फेराबी यांच्याशी करार व पेटंट

त्या काळी पेटंट मिळविणे ही सामान्य कारागिराच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. अनेक कार्यालयांतून कागद फिरवावे लागत आणि केवळ इंग्लंडपुरत्या हक्कासाठीही शंभर पौंडांहून अधिक खर्च येई. ही रक्कम बहुतेक मजुरांच्या वर्षभराच्या मिळकतीपेक्षा मोठी होती. बडिंग यांना भांडवलदार भागीदार शोधणे भाग होते. स्ट्राउडजवळ थ्रप येथे फिनिक्स नावाचा लोखंडाचा कारखाना चालविणारे जॉन फेराबी हे तसे भागीदार ठरले.

दोघांमध्ये १८ मे, इ.स. १८३० रोजी करार झाला. यंत्र विकसित करण्याचा व पेटंटचा खर्च फेराबी यांनी उचलला आणि त्याच्या बदल्यात यंत्र बनविण्याचे, विकण्याचे व इतर कारखान्यांना परवाने देण्याचे हक्क त्यांना मिळाले. कल्पना एकाची व कारखाना दुसऱ्याचा, ही त्या युगातील नेहमीची वाटणी येथेही दिसते. पेटंट ३१ ऑगस्ट, इ.स. १८३० रोजी मिळाले. त्यात हे यंत्र हिरवळी, गवताचे वाफे व विहारोद्याने यांचा पृष्ठभाग कातरण्यासाठी असल्याचे नमूद केले होते. मनुष्याने कपडा कातरावा तशी जमीन कातरावी ही गिरणीतील भाषा पेटंटच्या शब्दांतही उतरली आहे.

पेटंटच्या तपशिलात बडिंग यांनी यंत्राचे गुण सांगताना विळ्याचे दोष नेमके हेरले आहेत. सावलीत वाढणारे, विळ्यापुढे वाकणारे नाजूक गवतही यंत्राने हवे तितके आखूड कापता येईल आणि जमिनीवर ते व्रण दिसणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. याखेरीज खेड्यात राहणाऱ्या सधन गृहस्थांना स्वतः यंत्र चालविल्यास करमणूक व आरोग्यदायी व्यायाम मिळेल, असेही त्यांनी सुचविले. नोकरांकडून काम करून घेणाऱ्या वर्गाने स्वतःचे अंगण स्वतः कापावे ही सूचना तेव्हा चमत्कारिक वाटली असावी. पुढे मध्यमवर्गीयांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली.

स्वीकार व विरोध

पहिल्या ग्राहकांमध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालय व ऑक्सफर्डची महाविद्यालये होती. प्राणिसंग्रहालयातील बागकामाच्या प्रमुखांनी असा अभिप्राय दिला की, विळे व झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचे काम हे यंत्र करते. प्रसिद्ध उद्यानतज्ज्ञ जॉन क्लॉडियस लाउडन यांनी आपल्या नियतकालिकात यंत्राची प्रशंसा केली. इ.स. १८३२ पासून इप्सविच येथील रॅन्सम यांच्या कारखान्याने परवाना घेऊन ही यंत्रे बनविण्यास सुरुवात केली. शेतीच्या अवजारांचा हा मोठा कारखाना असल्याने यंत्र देशभर पोहोचले.

सहा ते आठ माणसांचे काम, या स्तुतीची दुसरी बाजूही होती. पेटंट मिळाले त्याच आठवड्यात, २८ ऑगस्टच्या रात्री, केंट परगण्यात शेतमजुरांनी मळणीयंत्र फोडले आणि ‘कॅप्टन स्विंग’च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दंगलींना तोंड फुटले. हिवाळ्यात मळणीचे काम हीच मजुरांची मिळकत होती व ती यंत्राने हिरावून घेतली होती. नोव्हेंबरपर्यंत या दंगलींचे लोण बडिंग यांच्या ग्लॉस्टरशायरमध्येही आले. स्ट्राउडच्या विणकरांनी इ.स. १८२५ मध्येच मजुरीसाठी मोठा संप केला होता, तर यॉर्कशायरमध्ये कापडाची लव कातरणाऱ्या कारागिरांनी इ.स. १८१२ च्या सुमारास कातरयंत्रे फोडली होती. म्हणजे ज्या यंत्रावरून बडिंग यांना कल्पना सुचली, तेच यंत्र एका अख्ख्या व्यवसायाच्या नाशाला कारण झाले होते. बागांतील विळेकऱ्यांनी मात्र असा उठाव केला नाही. त्यांची संख्या विखुरलेली होती, ते एकेका मालकाच्या आश्रयाने राहत, आणि यंत्राचा प्रसारही सावकाश झाला.

एक गमतीदार विरोध मात्र क्रिकेटच्या इतिहासात नोंदला गेला आहे. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर त्या काळी मेंढ्या चारून गवत आखूड ठेवीत. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गवत कापण्याचे यंत्र आणले गेले, तेव्हा मेरिलिबोन क्लबचे जुन्या वळणाचे सदस्य रॉबर्ट ग्रिमस्टन यांनी रस्त्यावरच्या खोदकाम्यांना पैसे देऊन ते मोडून टाकविले, असे सांगितले जाते. यंत्रफोड करणारा येथे मजूर नसून सरदारपुत्र होता.

इंग्लंडचे पेटंट त्या वेळी स्कॉटलंडला लागू होत नसे. याचा लाभ घेऊन आर्ब्रोथ येथील अलेक्झांडर शँक्स यांनी इ.स. १८४१-४२ मध्ये तट्टू जोडून ओढावयाची रुंद यंत्रे बनविली. जनावरांच्या खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालीत. भारतातही मोठ्या बागांत अशी यंत्रे बैलांना जोडून चालविली गेली.

यंत्र चालविण्याची पद्धत व सुरक्षितता

यंत्र कसे हाताळावे याचे मार्गदर्शन बडिंग यांनी स्वतः पेटंटमध्येच केले होते. हातगाडी ढकलावी तसे दांडे धरावेत, यंत्र एकसारख्या चालीने पुढे न्यावे, दांडे वर उचलू नयेत, उलट त्यांवर किंचित खाली दाब ठेवावा, असा त्याचा आशय आहे. दांडा उचलला की मागचा रूळ जमिनीवरून सुटतो, पाती थांबतात व गवत अर्धवट कापले जाते. ही सूचना कामाच्या सफाईसाठी होती. परंतु तिच्यात यंत्राच्या सुरक्षिततेचे मर्मही आले आहे. रूळ जमिनीला टेकलेला असून माणूस चालत असेल तरच पाती फिरतात. माणूस थांबला, घसरला किंवा दांडा सुटला, तर पातीही थांबतात. पात्यांचा वेग माणसाच्या चालीशी बांधलेला होता. उघडा विळा खांद्यावर घेऊन ओल्या उतारावर फिरणाऱ्या मजुराच्या तुलनेत ही मोठीच सुधारणा होती. यंत्र कोरड्या गवतावर उत्तम चालत असल्याने पहाटेच्या निसरड्या दवात काम करण्याची गरजही उरली नाही.

अर्थात ढकलयंत्र अगदीच निरुपद्रवी नाही. दंडगोलात काटकी अडकली की पाती ताणाखाली थांबून राहतात. काटकी ओढून काढताच दंडगोल एकाएकी फिरतो, आणि स्थिर पात्याजवळ असलेले बोट त्यात सापडते. एक पाते हाताने फिरविताना बाकीचीही त्याबरोबर फिरतात, हे धार लावताना विसरले जाते. म्हणून अडकलेली वस्तू काठीने काढावी, हात घालू नये, असा दंडक जुने माळी पाळत.

यंत्राला स्वतंत्र शक्ती जोडली गेली तेव्हा हे नाते तुटले. इ.स. १८९३ मध्ये लँकेशायरच्या जेम्स समनर यांनी वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत रॅन्सम यांनी पेट्रोल इंजिनाचे यंत्र विक्रीस आणले. पुढे दंडगोलाऐवजी जमिनीला समांतर फिरणारे एकच आडवे पाते असलेली यंत्रे प्रचारात आली. या पात्याला खाली स्थिर पाते नसते. ते गवत कातरत नाही, निव्वळ वेगाच्या जोरावर तोडते. सुमारे अर्धा मीटर लांबीचे पाते मिनिटाला ३,००० फेरे करीत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या जवळ जातो. अशा पात्याखाली आलेला खडा, तारेचा तुकडा किंवा हाड बंदुकीच्या गोळीसारखे दूर उडते. चालविणारा थांबला तरी पाते फिरतच राहते.

यंत्रामागून चालणाऱ्याने पाळावयाचे आजचे बहुतेक नियम या एका फरकातून निघाले आहेत. काम सुरू करण्यापूर्वी जमिनीवरचे दगड, खेळणी व तारा वेचून घ्याव्या लागतात आणि मुलांना व पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे लागते. पाय झाकणारे, न घसरणारे जोडे व डोळ्यांवर चष्मा आवश्यक मानला जातो. उतारावर हे यंत्र वरखाली न नेता आडवे चालवावे, कारण वर चढताना ते अंगावर घसरू शकते आणि उतरताना पाय निसटून पात्याखाली जाऊ शकतो. (बसून चालविण्याच्या यंत्रांना नियम उलटा आहे, ते आडवे नेल्यास कलंडते.) यंत्र स्वतःकडे मागे ओढणे टाळावे. पात्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून ठिणगीच्या प्लगची तार काढावी, कारण पाते हाताने फिरविल्यानेही गरम इंजिन सुरू होऊ शकते. विजेच्या यंत्राची जोडणी सोडवावी किंवा बॅटरी काढून घ्यावी. इंधन मोकळ्या हवेत व इंजिन थंड झाल्यावरच भरावे.

अमेरिकेत ३० जून, इ.स. १९८२ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानकानुसार मागून चालत चालवावयाच्या फिरत्या पात्याच्या यंत्राला असा दांडा बंधनकारक झाला की, तो हातातून सुटताच पाते तीन सेकंदांच्या आत थांबले पाहिजे. माणूस थांबला की पातेही थांबावे, हा गुण बडिंग यांच्या यंत्रात रचनेनेच आलेला होता. तो परत आणण्यासाठी दीड शतकानंतर कायदा करावा लागला. अनेकांना हा दांडा कटकटीचा वाटतो व ते तो दोरीने बांधून ठेवतात. मग हे संरक्षण उरत नाही.

इतर संशोधन

बडिंग यांच्या नावाची मोहोर असलेली अनेक नळ्यांची पिस्तुले उपलब्ध आहेत. या पिस्तुलात नळ्यांचा जुडगा हाताने फिरवून एकामागून एक गोळ्या झाडता येत. सॅम्युएल कोल्ट यांच्या रिव्हॉल्व्हरच्या आधीची ही पिस्तुले असल्याचा दावा स्थानिक अभ्यासक करतात. बडिंग यांनी त्यांचे पेटंट घेतले नाही.

पुढील काळात ते डर्स्ली येथे राहावयास गेले. तेथे जॉर्ज लिस्टर यांच्यासोबत त्यांनी लोकर पिंजण्याच्या यंत्रांत सुधारणा केल्या. लिस्टर यांचे पुत्र रॉबर्ट ॲश्टन लिस्टर यांनी इ.स. १८६७ मध्ये डर्स्लीतच कारखाना काढला. या कारखान्याची डिझेल इंजिने भारतात विहिरीवरील पंपांसाठी सर्वत्र परिचित झाली, व त्याच नमुन्याची ‘लिस्टर’ धर्तीची इंजिने गुजरातमधील राजकोट येथे बनू लागली. इ.स. १८४० च्या सुमारास अर्ल ऑफ ड्यूसी आणि यूली येथील अभियंते रिचर्ड क्लायबर्न यांच्यासह बडिंग यांनी चारा कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आपल्याकडील कडबाकुट्टी यंत्राच्या जातीचे हे यंत्र होय. स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा करता येणाऱ्या पान्याचे श्रेय अनेकदा बडिंग यांना दिले जाते. मात्र काही लेखक ते क्लायबर्न यांना देतात. दोघे एकत्र काम करीत असल्याने हा वाद सुटणे कठीण आहे.

मृत्यू व स्मृती

बडिंग यांचे सप्टेंबर, इ.स. १८४६ मध्ये डर्स्ली येथे वयाच्या पन्नाशीत निधन झाले. पेटंटची चौदा वर्षांची मुदत त्याच्या दोन वर्षे आधीच संपली होती. हिरवळीच्या यंत्राचा खरा सुकाळ त्यांच्या पश्चात आला. इ.स. १८५९ मध्ये लीड्सच्या टॉमस ग्रीन यांनी दातेरी चाकांऐवजी साखळी वापरून खडखडाट कमी केला. पुढे यंत्रे हलकी व स्वस्त होत गेली आणि शहरांच्या कडेने वाढणाऱ्या नव्या वस्त्यांतून घरोघरी पोहोचली. सपाट, आखूड गवतावरच शक्य असलेला लॉन टेनिस इ.स. १८७० च्या दशकात लोकप्रिय झाला; विंबल्डनची पहिली स्पर्धा इ.स. १८७७ ची आहे.

स्ट्राउड येथील संग्रहालयात व लंडनच्या विज्ञान संग्रहालयात बडिंग यांच्या रचनेची जुनी यंत्रे जतन केलेली आहेत. विज्ञान संग्रहालयातील यंत्र रॅन्सम यांनी परवान्याखाली बनविलेले आहे.